पाहुणीची वही आणि आपले गुडघे



आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. नदीच्या दोन्ही काठांवर काम तेच. ऊस, कांदा आणि दावणीला दोन-चार गाई. दोन्ही काठांवर दुखणंही तेच. आज त्या दुखण्याविषयी बोलायचं आहे, आपल्या गुडघ्यांविषयी.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याला समाजमंदिरात होते. गट नवा होता तेव्हा सगळ्याजणी सतरंजीवर मांडी घालून बसायचो. मग एका आत्यांसाठी कुणीतरी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. पुढे तीन खुर्च्या झाल्या. आता सतरंजीवर सात जणी आणि खुर्चीवर आठ जणी बसतात. बचतीचा हिशेब आम्ही पै न् पैचा लिहितो. या खुर्च्यांचा हिशेब मात्र कुणी लिहिला नाही. "वय झालं की गुडघे जायचेच," असं म्हणून सोडून दिलं.

वयाचं खरं आहे, पण सगळं वयावर ढकलून चालत नाही. उकिडवं बसून कांदा लावायचा, उकिडवं बसून खुरपायचं, उकिडवं बसून धार काढायची, भांडी घासायची, शेण काढायचं. डोक्यावर वैरणीचा भारा, नाहीतर हंडा. मुळात गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. ते झिजलं की हाडावर हाड घासतं. मग पायरी चढताना कळ येते, उठताना हात टेकावा लागतो, पाय बाहेरच्या बाजूला वाकतात आणि बाई डुलत डुलत चालायला लागते. गावात तिला त्या चालीवरून ओळखतात.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एका मावशींची. वय बासष्ट, गाव शिरूर तालुक्यातलं. दोन्ही गुडघे गेलेले. शेवटी शेवटी त्या घरात भिंत धरून चालायच्या. मुलाने ठरवलं, पुण्याला नेऊन ऑपरेशन करायचं. एक गाय विकली, मावशींचे डाग पतसंस्थेत तारण ठेवले आणि पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना दाखल केलं. सोबतीला आमच्या गटातल्या दोघी आळीपाळीने राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालल्या. व्यायामाच्या खोलीत त्यांच्या शेजारी एक परदेशी बाई होत्या, आफ्रिकेतून आलेल्या. आपल्या मावशींच्याच वयाच्या. त्यांचाही गुडघाच बदलला होता. दोघींना एकमेकींची भाषा कळेना, पण व्यायामाची बाई पाय वाकवायला सांगायची तेव्हा दोघी एकदमच कळवळायच्या आणि मग एकमेकींकडे बघून हसायच्या. मावशींची नात कॉलेजात शिकते, तिला इंग्रजी येतं. त्या पाहुणीबरोबर तिची लेक होती. दोघी पोरींचं बोलणं सुरू झालं.

त्या लेकीच्या हातात एक जाड वही होती. नातीने विचारलं, "यात काय लिहिलंय?" तिने उघडून दाखवली. विमानाचं तिकीट काढण्याआधी तिने तीन दवाखान्यांना पत्र पाठवून सगळं विचारून घेतलं होतं. एकूण खर्च किती, त्यात काय काय धरलंय, सांधा कोणत्या कंपनीचा, किती दिवस राहावं लागेल, जखम चिघळली तर पुढचा खर्च कुणाचा. प्रत्येक प्रश्नापुढे प्रत्येक दवाखान्याचं उत्तर लिहिलेलं. त्यातून एक दवाखाना निवडला, मेडिकल व्हिसा काढला आणि मग आईला घेऊन आली.

रात्री मावशी आम्हाला म्हणाल्या, "ती समुद्र ओलांडून आली, तिला सगळं ठाऊक आहे. आपण शिरूरहून आलो, आपल्याला काय ठाऊक आहे गं?"

आम्ही दोघी गप्प बसलो. कारण आम्ही काहीच विचारलं नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, "दीड लाखाच्या आसपास." घरी जाताना बिल झालं सव्वादोन लाख. तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, व्यायाम वेगळा, खोलीचं भाडं वाढलेलं. भांडायला कागद हातात नव्हता. मुलाने गावी फोन करून आणखी पैसे उसने घेतले. मावशींचे डाग अजून सुटलेले नाहीत.

कुणी फसवलं असं आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्या वहीने आमचे डोळे उघडले. म्हणून हे भाषण.

घरी आल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला की माणसं परदेशातून इथे का येतात? आम्ही थोडी माहिती काढली. नातीनेच वाचून सांगितली.

इंग्लंडमध्ये बेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या यव्हॉन वॉट्स या सत्तरी ओलांडलेल्या बाई. दोन्ही खुबे संधिवाताने गेलेले. त्यांच्याकडे सरकारी आरोग्यसेवेत ऑपरेशन फुकट होतं, पण रांग मोठी. सुरुवातीला त्यांना साधारण वर्षभर थांबायला सांगितलं. दुखणं सोसवेना. २००३ साली त्या समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये ॲबव्हिल या गावी गेल्या, पदरचे ३,९०० पौंड भरले आणि खुबा बदलून आल्या. मग सरकारकडे पैसे परत मागितले. प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयात गेलं. २००६ साली न्यायालयाने सांगितलं की रुग्णाच्या तब्येतीला सोसवेल त्याहून जास्त थांबावं लागत असेल, तर केवळ रांग आहे एवढ्या कारणावरून परवानगी नाकारता येणार नाही. बघा, सत्तरीच्या बाईने खुब्यासाठी सरकारला कोर्टात उभं केलं.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे रांगेपेक्षा पैशाची अडचण. तिथल्या एका गृहस्थांना खुबा बदलायचा होता. विमा कंपनीने जुनी दुखापत म्हणून हात वर केले. दवाखान्याने सांगितलं, सांध्याचे १३,००० डॉलर आणि दवाखान्याचे ६५,००० डॉलर, डॉक्टरांची फी आणखी वेगळी. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीस लाख रुपयांच्या पुढे. ते २००७ साली युरोपात बेल्जियमला गेले. तिथे सांधा, ऑपरेशन, डॉक्टर, औषधं, पाच दिवस दवाखाना, आठवडाभर व्यायाम, वर जाण्यायेण्याचं विमान, सगळं मिळून १३,६६० डॉलर लागले. साधारण साडेपाच लाख रुपये. आणि गंमत अशी की त्यांना बसवलेला सांधा अमेरिकेतल्याच कंपनीचा होता. वस्तू तीच, माणूस तोच, फक्त दवाखाना बदलला आणि किंमत पाच-सहा पटीने खाली आली.

म्हणजे मैत्रिणींनो, महाग म्हणजे चांगलं आणि स्वस्त म्हणजे वाईट, हे इथे लागू होत नाही. त्याच वस्तूची किंमत कुठे, कुणी, कशी लावली यावर सगळं ठरतं. म्हणूनच आफ्रिकेतली, आखाती देशांतली आणि इंग्लंड-अमेरिकेतलीही माणसं मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नईला येतात. आपल्याकडे डॉक्टर तयारीचे आहेत आणि दवाखान्याचा खर्च तिकडच्या मानाने कमी आहे.

आपल्या डॉक्टरांच्या तयारीचं एक उदाहरण पुष्कळ जणींना आठवत असेल. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. एक २००० साली, दुसरा २००१ साली. देशाचा पंतप्रधान, जगात कुठेही जाता आलं असतं. पण ऑपरेशन झालं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात. न्यूयॉर्कला काम करणारे आपले भारतीय डॉक्टर चित्तरंजन राणावत त्यासाठी मुंबईत आले. गुडघा बदलता येतो, हे आपल्या कितीतरी घरांत तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि पुण्याचं म्हणाल, तर पद्मविभूषण डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाचा गुडघा डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' नावाचा देशी सांधा तयार केला. म्हणजे जगातली माणसं ज्या शहराची वाट धरतात, ते शहर शिरूरहून सत्तरएक किलोमीटरवर आणि दौंडहून रेल्वेने पाऊणशे किलोमीटरवर आहे. आपण तिथे भाजी पाठवतो, दूध पाठवतो, पोरं कामाला पाठवतो. पण स्वतःचे गुडघे घेऊन जायचं म्हटलं की ते आपल्याला परदेशाहून लांब वाटतं.

हे अंतर कमी कसं करायचं? विमानाने येणारी पाहुणी जे करते तेच करायचं. एक वही घ्यायची आणि प्रश्न लिहायचे. आमच्या गटाने अशी वही केली आहे. त्यातले प्रश्न सांगतो. जमलं तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न, ऑपरेशनची खरंच गरज आहे का? प्रत्येक दुखरा गुडघा बदलावा लागत नाही. वजन उतरवणं, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, हातात काठी, उकिडवं बसणं बंद, एवढ्याने कितीतरी जणींचं दुखणं आटोक्यात राहतं. आमच्या गटातल्या एका वहिनींना एका ठिकाणी "लगेच बदला" म्हणून सांगितलं होतं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवला. ते म्हणाले, "अजून वेळ आहे, आधी व्यायाम करा." त्या रोज खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा व्यायाम करतात, धार काढायला चौरंग घेऊन बसतात. वर्ष झालं, गुडघे साथ देतायत. म्हणून दोन डॉक्टरांचं मत घ्यायचं. एक्स-रे उभं राहून काढलेला असावा आणि तो आपल्याजवळ ठेवावा.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून वर्षानुवर्षं रोज खाऊ नका. त्याने पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं खराब होतात. गुडघ्यात कसलं इंजेक्शन देतायत हे न विचारता ते टोचून घेऊ नका.

दुसरा प्रश्न, एकूण खर्च किती, आणि त्यात काय काय आलं? हे लेखी मागायचं. सांधा, डॉक्टरांची फी, भूल, ऑपरेशनची खोली, राहण्याची खोली, औषधं, तपासण्या, व्यायाम, वॉकर. प्रत्येकापुढे "धरलंय" किंवा "वेगळं" असं लिहून घ्यायचं. पुण्यात एका गुडघ्याचे दीड-दोन लाखांपासून साडेतीन-चार लाखांपर्यंत आकडे आम्हाला सांगितले गेले. लेखी कागद असला की आकड्यांची तुलना करता येते.

तिसरा प्रश्न, सांधा कोणता आणि त्याची किंमत काय? गुडघा बदलतात म्हणजे अख्खा गुडघा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात, दाताला टोपी बसवावी तशा, आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती घालतात. या सगळ्याला इम्प्लांट म्हणतात. पूर्वी त्याची किंमत मनाला येईल तशी लावत. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता. त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. खास धातूच्या सांध्याची ७६,६०० रुपये ठरली. पुढे या मर्यादेचे आकडे वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून ऑपरेशनच्या वेळचा आकडा पोरांना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला सांगा.

बिलात सांध्याची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला असला पाहिजे. सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. पंधरा-वीस वर्षांनी तो सांधा झिजला, तर पुढच्या डॉक्टरांना त्या स्टिकरवरूनच कळेल आत काय बसवलंय. पण एक लक्षात ठेवा, मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे. खोली, फी, औषधं यांवर नाही. म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न जोडीनेच विचारायचे.

चौथा प्रश्न, ऑपरेशन कोण करणार? ज्यांना आपण दाखवलं तेच डॉक्टर करणार का, अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का? यात लाजायचं कारण नाही. आपण गवंडीसुद्धा चार घरं बघून लावतो.

पाचवा प्रश्न, काही बिघडलं तर? जखमेत जंतू गेले, पुन्हा दाखल व्हावं लागलं, तर खर्च कसा? साखर असलेल्या बाईने ऑपरेशनआधी साखर ताब्यात आणली पाहिजे, नाहीतर जखम चिघळायचा धोका वाढतो. दातात पू असेल, लघवीला जळजळ असेल, तर तेही आधी बरं करून घ्यायचं. घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर "बघू उद्या" म्हणायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, ती जिवावर बेतते. म्हणूनच परदेशातले रुग्ण ऑपरेशन झालं की लगेच विमानात बसत नाहीत, डॉक्टर परवानगी देईपर्यंत थांबतात. आपल्यालाही वाघोली-शिक्रापूरच्या गर्दीत दोन-तीन तास गाडीत बसायचं असतं. मध्ये उतरून चार पावलं चालायचं.

सहावा प्रश्न सगळ्यात मोठा, कोणत्या योजनेत बसतं? आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, मग राज्यभर आली. आता आयुष्मान भारतबरोबर मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि ती फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. सत्तर वर्षांवरच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या. हा दवाखाना योजनेत आहे का, आणि गुडघा बदलण्याचं ऑपरेशन इथे योजनेतून होतं का? फोनवर विचारायचं तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे नंबर आहेत. आणि हे सगळं दाखल होण्याआधी विचारायचं. आधी पैसे भरून मग योजना शोधायला गेलं की हेलपाटे पडतात.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या मोठ्या दवाखान्यांना सरकारकडून सवलती मिळतात. त्या बदल्यात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार लागतं. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जाऊन "निर्धन रुग्णांची खाट" असं स्पष्ट म्हणायचं. ही भीक नाही, कायद्याने ठेवलेली जागा आहे. आणि पुण्याचं ससून सर्वोपचार रुग्णालय आपलं सरकारी आहे, तेही विसरू नका.

आता दौंडकडच्या एका काकूंची गोष्ट. मावशींचं ऐकून त्या सावध झाल्या होत्या. त्यांनी आधी दाखला काढला, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करून घेतलं. त्यातच दोन महिने गेले. मग सकाळच्या गाडीने आमच्यातली एक जण आणि त्या, अशा तीन खेपा पुण्याला केल्या. पहिल्या दवाखान्यात हे ऑपरेशन योजनेतून होत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी होत होतं, पण नंबर लावून थांबावं लागलं. चार महिने थांबल्या. त्या काळात व्यायाम केला, साखर उतरवली. ऑपरेशन झालं. त्यांना खर्च आला तो जाण्यायेण्याचा, सोबतच्या माणसाच्या जेवणाचा आणि घरी कमोड खुर्ची घेण्याचा. गाय दावणीलाच आहे आणि डाग अंगावर आहेत. सगळ्यांचं असंच सुरळीत होईल असं नाही. पण त्या विचारत गेल्या म्हणून वाट सापडली.

सातवा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नाही, घरच्यांना विचारायचा. माझं काम कोण करणार? आमच्या गटात अकरा जणींना विचारलं, "ऑपरेशन का लांबवलं?" पैसे नाहीत असं चौघी म्हणाल्या. सात जणी म्हणाल्या, "घरचं कोण बघणार?" आम्हाला या उत्तराने जास्त वाईट वाटलं. घरातल्या बैलाचा पाय लचकला तर त्याला औताला जुंपत नाहीत. बाईच्या गुडघ्याला मात्र सुट्टी नाही.

गुडघा बदलल्यावर बाई एक-दोन दिवसांत वॉकरवर उभी राहते, चार-पाच दिवसांत घरी येते. पण खरं काम तिथून सुरू होतं. पुढचे सहा आठवडे तरी रोजचा व्यायाम चुकवायचा नाही. तो दुखतो, म्हणून बायका टाळतात. मग गुडघा आखडतो आणि एवढा खर्च वाया जातो. बहुतेक डॉक्टर त्यानंतर जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसू नका म्हणतात. म्हणजे ओटा उभ्याने वापरायचा हवा, झोपायला खाट हवी, संडासात कमोड हवा, न्हाणीत धरायला दांडा हवा. ही सोय ऑपरेशनच्या आधी करायची, नंतर नाही.

यासाठी आमच्या गटाने तीन ठराव केले. एक, ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी सहा आठवडे पाणी, धार आणि एक वेळची भाकरी गटातल्या बायका वाटून घेतील. दोन, दवाखान्यात कागदावर सही करण्याआधी गटातली एक वाचणारी बाई किंवा कुणाची तरी शिकलेली लेक-सून सोबत असेल. तीन, एक वॉकर आणि एक कमोड खुर्ची गटाच्या पैशांतून घेतली आहे. जिला लागेल तिने न्यायची, झाली की परत आणायची. वॉकर सध्या भीमेच्या पलीकडे आहे.

मैत्रिणींनो, त्या पाहुणीची आठवण आम्हाला अजून येते. जाताना तिने मावशींचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली. नात म्हणाली, "आजी, ती म्हणतेय, घरी गेल्यावर मी देवळापर्यंत चालत जाणार. तू कुठे जाणार?" मावशी थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आधी विहिरीपर्यंत. आठ वर्षं झाली, आमची विहीर मी डोळ्यांनी बघितली नाही."

मावशी विहिरीपर्यंत गेल्या, काठी घेऊन. आता त्यांचे डाग सोडवायचं काम राहिलंय, त्याला आमचा गट मदत करतोय.

तुमच्या गटाची पुढची बैठक होईल तेव्हा एकच करा. सतरंजीवर किती जणी आणि खुर्चीवर किती जणी, हे मोजा आणि वहीत लिहा. मग खुर्चीवरच्या प्रत्येकीला विचारा, "एक्स-रे काढलाय का? रेशनकार्डावर नाव बरोबर आहे का? घरचं कोण बघणार?" या तीन उत्तरांपासून तुमची वही सुरू होईल.